धातूला काही झालं नाही

पहिल्यांदा ओल आली तेव्हा मला वाटलं कूलंट, म्हणजे कापताना धातूवर सोडतात ते तेलकट पाणी, उडालं असेल. आम्ही लेथवर उभी राहणारी माणसं, पँट ओली दिसली की दुसरं काही सुचत नाही. डाव्या नडगीवर, जुन्या टाक्यांच्या जरा खाली, रुपयाएवढा डाग. घरी जाऊन पाय धुतला. दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा त्याच जागी. तरी मी तीन महिने कोणाला सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, तेच लिहायला बसलोय. ठाण्याच्या ज्या हॉस्पिटलात माझं दुसरं ऑपरेशन झालं तिथल्या ड्रेसिंगच्या सिस्टरांनी ही वही दिली. म्हणाल्या, "गजानन, तुम्ही बाकावर बसून सगळ्यांना तोंडी सांगत असता. त्यापेक्षा लिहा, आम्ही बाकावर ठेवतो." मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. चुकेल तिथे सांभाळून घ्या.

माझं काम

मी वाशिम जिल्ह्यातला, मंगरूळपीरकडचा. सोळाव्या वर्षी ठाण्याला आलो आणि वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात झाडू मारायला लागलो. तिथले फोरमन साळवी काका, मूळचे कोकणातले. त्यांनी मला लेथवर उभं केलं. आज मी चौतीस वर्षांचा आहे, म्हणजे अर्ध्याहून जास्त आयुष्य त्या शेडमध्ये गेलं.

आमच्याकडे टायटॅनियमचं काम चालतं. अर्धं काम विमानाचं, बोल्ट, बुश, छोटे ब्रॅकेट. अर्धं मेडिकलचं, म्हणजे हाडात घालायचे स्क्रू आणि प्लेटा. धातू एकाच घराण्यातला, मेडिकलचा थोडा जास्त शुद्ध. हातात घेतला तर वाटतं पोकळ आहे, इतका हलका. पण कापायला बसलं की टूल खातो. उष्णता आत जाऊ देत नाही, सगळी टोकावर साठते. बारीक बुऱ्याने पेट घेतला तर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू टाकायची. वाळूची बादली भरलेली आहे का, हे मी अजून आधी बघतो.

आमच्या शेडमधला एक नियम सांगतो, पुढे लागणार आहे. धातूचा लांब बार येतो तेव्हा त्याच्या एका टोकावर नंबर असतो. ज्या भट्टीत तो ओतला तिचा नंबर, आम्ही त्याला हीट नंबर म्हणतो. बार कापायचा तो नेहमी दुसऱ्या टोकाकडून. नंबरचं टोक शेवटपर्यंत राखायचं. नंबर गेला की उरलेला बार कितीही चांगला असो, भंगारात. विमानात किंवा माणसात जाणारा तुकडा कुठून आला हे सांगता आलंच पाहिजे.

एका संशोधन संस्थेतल्या आपटे मॅडम आमच्याकडे नव्या मिश्रधातूंचे बार घेऊन यायच्या. त्यातून ओढून बघायचे नमुने आणि बटणाएवढ्या चकत्या काढून द्यायच्या. चकत्या तर मी शेकड्याने काढल्यात. त्या कशाला लागतात ते कधी विचारलं नाही. मॅडम मात्र काम चालू असताना बोलायच्या. एकदा म्हणाल्या, "गजाननराव, शरीराला हा धातू परका वाटत नाही. हाड याला चिकटून वाढतं. हा गंजत नाही, कुजत नाही." मला ते फार आवडलं. ठाण्यात इतकी वर्षं काढून मी अजून कुठे तरी पाहुण्यासारखाच आहे, आणि हा तर सरळ हाडात जाऊन घरचा होतो.

रिक्षा आणि स्टिकर

पाय मोडला तो असा. वर्कशॉपचा माल एका ठिकाणी पोचवायला रिक्षाने निघालेलो. माजिवड्याच्या पुलाखाली एक टेम्पो आत घुसला, रिक्षा डाव्या बाजूला पडली, तिच्याखाली माझी नडगी. राहायला आम्ही डोंबिवलीला, म्हणून बायकोच्या ओळखीने कल्याणच्या हॉस्पिटलात दाखल केलं. हाडाच्या पोकळीत वरपासून खालपर्यंत रॉड टाकला. टायटॅनियमचा. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला जरा बरंच वाटलं. म्हटलं, घरचाच माणूस आलाय.

चार महिन्यांनी कामावर गेलो तेव्हा सगळे जमले. माझ्या शेजारच्या मशीनवरचा पक्या म्हणाला, "कुठल्या ग्रेडचा आहे रे?" मी पिशवीतून डिस्चार्ज कार्ड काढलं. त्यावर रॉडचं स्टिकर होतं. कंपनी, माप, धातू, लॉट नंबर.

"अरे, गज्याला पण हीट नंबर लागला!" पक्या ओरडला. त्याने नखाने स्टिकर सोडवलं आणि माझ्या मशीनच्या दारावर, मशीनच्या नंबराशेजारी चिकटवलं. साळवी काका चष्मा वर करून म्हणाले, "आता कुठे पळालास तरी शोधून काढू, कुठच्या बारातला आहेस तो." शेडभर हसणं. सगळ्यांत जास्त मी हसलो. इतक्या वर्षांत मला एवढं आपलं कोणी केलं नव्हतं.

स्टिकरवर कूलंट उडत राहिलं. अक्षरं पिवळी पडली. मग एकदा ऑडिट आलं, आदल्या दिवशी मशीन थिनरने पुसायची होती. पुसली मीच. एका फडक्यात गेलं ते.

शेडमध्ये कोणाच्या हातून बारचा नंबर पुसला गेला असता तर मी आठवडाभर त्याला बोललो असतो.

तीन महिने

ओल यायला लागली तेव्हा ऑपरेशनला वर्ष होऊन गेलेलं. मी कापूस ठेवून वर पट्टी बांधायचो, वर लांब मोजा. रात्री मोरीत दार लावून बदलायचो. मनाला सांगायचो, वरची कातडी आहे, उष्णता आहे. रॉडमुळे काही होणं शक्यच नाही. मी त्या धातूवर रोज काम करतो, मला कोण सांगणार? पाय ठणकायचा. ठणका आतून यायचा, पण मी तो आत आहे हे मानलंच नाही.

एक गोष्ट मात्र केली. उघडी जखम असलेल्या माणसाने मेडिकलच्या मालाला हात लावायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे. मी साळवी काकांना म्हटलं, "मला विमानाच्या कामावर टाका."

"का रे, स्क्रूचा कंटाळा आला?"

"हो."

त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं, मग तोंडाकडे. खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं, आणि ते मला नको होतं.

शेवटी उघडं पाडलं ते माझ्या मुलीने. तनू आठ वर्षांची. माझ्याशेजारी अभ्यासाला बसली होती, नाक मुरडून उठली. "बाबा, तुमच्या पायाला वास येतोय." माझी बायको सुनंदा पोळ्या लाटत होती. तिने लाटणं ठेवलं, येऊन माझा मोजा खाली ओढला, पट्टी सोडली.

"किती दिवस?"

"झाले थोडे."

"अहो, मी एका खोलीत राहते तुमच्यासोबत. एका खोलीत!"

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. नौपाड्यातल्या एका दवाखान्याने ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, तिथेही ती आली, पण बाकावर एक जागा सोडून बसली.

निदानाचा दिवस

हाडांच्या डॉक्टर मॅडम होत्या. एक्सरे उजेडावर लावला. मी रॉड ओळखला, सरळ, पांढरा, कुठे वाक नाही. भोवती हाडात मात्र कुरतडल्यासारखी जागा दिसत होती.

"हाडात जंतुसंसर्ग झालाय. रॉडच्या कडेने वर-खाली पसरलाय."

मी म्हटलं, "मॅडम, पण टायटॅनियमला काही होत नाही."

"त्याला काही झालेलंच नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला झालंय."

मग त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. हाड जसं या धातूला धरून वाढतं तसेच जंतूही त्याला धरून बसतात. वर चिकट थर करतात, त्या थराखाली औषध पोचत नाही. म्हणून रॉड काढायचा, सडलेलं हाड खरवडायचं, मग औषधं.

"पाय राहील ना?" हे सुनंदाने विचारलं. माझ्याने विचारवलं नसतं.

"तीन महिन्यांपूर्वी आला असतात तर मी लगेच हो म्हटलं असतं. आता प्रयत्न करू म्हणते."

नंतर त्या लिहिता लिहिता म्हणाल्या, "रॉड कुठल्या कंपनीचा आहे? कार्डावर स्टिकर असेल." रॉडच्या वरच्या तोंडाला आतून आटे असतात. काढायचं हत्यार त्या आट्यांत फिरवून बसवायचं आणि ओढायचं. प्रत्येक कंपनीचे आटे वेगळे. नंबर कळला तर त्या कंपनीचं हत्यार मागवता येतं.

मी कार्ड पुढे केलं. स्टिकरच्या जागी कागदाचं साल निघालेलं.

"कुठे गेलं?"

मी सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मशीनला चिकटवलं?" रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सुनंदा माझ्याकडे बघतही नव्हती.

पक्याला फोन केला. त्याने त्या दिवशी फोटो काढलेला. फोटोत माझे सगळे दात दिसत होते. स्टिकर पुसट.

वॉर्ड

शुक्रवारी भरती झालो. कल्याणच्या हॉस्पिटलात जुन्या फायलीत स्टिकरची दुसरी प्रत असणार असं मॅडम म्हणाल्या. सुनंदा शनिवारी गेली, तर जुने कागद दुसऱ्या इमारतीत, तिथला माणूस सोमवारी येणार. इकडे मला ताप चढत होता. मॅडम म्हणाल्या, सोमवार सकाळच्या पुढे थांबणार नाही.

हॉस्पिटलचा दिवस लांब असतो. सकाळी सहाला ताप बघतात, मग चहा, मग फरशी पुसणाऱ्या मावशी. मावशी दोन्ही दिवस म्हणायच्या, "पाय वर घे रे राजा," मग जीभ चावून स्वतःच माझ्या खाटेच्या भोवतीने पुसायच्या. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा पाय गुडघ्याखाली नव्हता. मी त्याच्या चादरीकडे बघायचं टाळायचो आणि पुन्हा तिथेच बघायचो. ज्या जागी उंचवटा हवा तिथे चादर सपाट. मशीनवर उभा असतो तेव्हा माझा भार डाव्या पायावर असतो. आठ तास. तो गेला तर मी काय करणार? लेथ सोडून मला काहीच येत नाही, आणि गावात माझ्या नावाने एक खोली सोडून काही नाही.

गावाहून आईचा व्हिडिओ कॉल आला.

"गजू, पाय दाखव मले."

मी फोन खाली केला.

"हा तं उजवा हाये. डावा दाखव."

"आई, इथे रेंज नाही नीट."

"रेंज नाही तं तोंड कसं दिसते तुह्यं?"

मग मी डावा दाखवला, पट्टीसकट. फोन तिच्या मांडीवर पडला असावा, मला बराच वेळ घराचे पत्रे दिसत होते.

ऑपरेशन

सोमवारी सकाळी सुनंदा सातलाच कल्याणला निघाली. म्हणाली, "तो माणूस दहाला येतो. मी दारातच उभी राहते. मिळालं तर फोटो पाठवते, आत निरोप देतील." मी म्हटलं, राहू दे, तू इथे थांब. ती म्हणाली, "इथे बसून काय करू, पंखा बघू?" त्यामुळे मला आत नेलं तेव्हा बाहेर साळवी काका होते. सुट्टी टाकून आलेले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला कूलंटचा वास होता, कितीही धुतला तरी जात नाही तो.

भूल कमरेतून दिली. खालचं अंग गेलं, पण मी जागा होतो. मध्ये हिरवा पडदा. पाय दिसत नव्हता, दुखत नव्हता, फक्त ऐकू येत होतं.

हे कोणालाच ऐकायला लागू नये. हत्यार बसवताना आटे धरले की एक भरीव आवाज येतो. तो येत नव्हता. घसरत होतं. एक टोक घातलं, घसरलं. दुसरं घातलं, अर्ध्या फेऱ्यात सुटलं. रॉडवर हातोडी पडली की टायटॅनियमचा तो कोरडा, बारीक नाद माझ्या बरगडीपर्यंत यायचा. इतकी वर्षं ऐकलेला आवाज, आता माझ्या आतून.

माझ्याने राहवलं नाही. "मॅडम, आधी उलटा फिरवा. टक् लागलं की मग सुलटा."

पडद्यापलीकडे सगळं थांबलं. "काय म्हणालात?"

मी पुन्हा सांगितलं.

"ते केलंय आम्ही, गजानन," मॅडम अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही आता झोपा." उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टरांनी सलाइनमध्ये काही तरी सोडलं.

जागा झालो तेव्हा पहिल्यांदा चादरीकडे बघितलं. उंचवटा होता. दोन्हीकडे.

रॉड निघाला होता, पण वरून ओढून नाही. हाडाला खिडकी पाडून काढावा लागला. सडलेलं आणि त्या खिडकीपायी गेलेलं, दोन्ही मिळून हाड कमी झालं. उरलेलं हाड धरून ठेवायला पायाभोवती धातूची कडी आणि आरपार तारा.

सुनंदा दुपारी चारला आली. केस विस्कटलेले, पदराला धूळ. त्या माणसाने आणि तिने मिळून गठ्ठे सोडून फाइल काढली होती. तिथे आत रेंज नव्हती, झेरॉक्सचं मशीन बंद, म्हणून बाहेर जाऊन झेरॉक्स काढून ती तशीच धावत आलेली. कागद माझ्या हातात दिला. कंपनी, माप, लॉट नंबर, सगळं स्वच्छ.

"झालं ऑपरेशन," मी म्हटलं.

ती खुर्चीवर बसली. "मग मी दिवसभर काय केलं?" एवढंच म्हणाली, आणि मग माझ्या खाटेच्या कडेला डोकं टेकून रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पट्टी सोडली त्या दिवसानंतर पहिल्यांदा तिने ठेवू दिला.

आपटे मॅडमच्या चकत्या

सहा आठवडे सलाइनमधून औषधं चालली. एकदा आपटे मॅडम भेटायला आल्या. शहाळं घेऊन. खुर्चीत बसल्या पण पाठ टेकली नाही. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही म्हणाला होतात कुजत नाही."

"धातूबद्दल म्हणाले होते. एवढंच सांगून थांबायला नको होतं." मग म्हणाल्या, "तुम्ही त्या बटणासारख्या चकत्या काढून देता ना? त्यांच्यावर आम्ही वेगवेगळे थर देतो आणि वर जंतू सोडतो. ते बसू नयेत म्हणून."

मला वाटत होतं त्या विमानाच्या कामाला जातात.

"मग जमलं?"

"काचेच्या बशीत जमतं. माणसात जायला अजून खूप वर्षं आहेत."

मी हसलो की काय केलं मला आठवत नाही. त्या गेल्यावर शहाळं प्यायलो, गोड होतं.

घरी

कडी घालून सात महिने डोंबिवलीच्या खोलीत काढले. तारा जिथे कातडीत शिरतात ती भोकं रोज साफ करायची. ते सुनंदाने केलं, एक दिवस न चुकता, पहाटे डबे करून झाल्यावर. आई गावाहून आली. तिला ते बघवायचं नाही, ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि तिकडूनच सुनंदाला सूचना द्यायची. त्यावरून दोघींचं वाजायचं. मी मध्ये आडवा, कुठे उठून जाणार? चिडून एकदा आईवर ओरडलो. तिने पिशवी भरली, दोन दिवसांनी गेली. फोनवर आता बोलते, पण पाय दाखव म्हणत नाही.

साळवी काका दर रविवारी यायचे. पक्या एकदाच आला, दारात उभा राहिला, म्हणाला, "गज्या, मी ते स्टिकर काढायला नको होतं." मी म्हटलं, "लाव म्हणून कार्ड मीच पुढे केलेलं." तो बसला नाही.

ज्याच्या अंगात रॉड, प्लेट, सांधा, काही बसवलंय त्याने ते कार्ड जपा, फोटो काढून घरातल्या दोघातिघांकडे ठेवा. जखम भरल्यावर महिन्यांनी, वर्षांनी तिथे ओल आली तर त्याच आठवड्यात दाखवा. कापूस ठेवू नका. आणि घरच्यांना सांगा. मी हे सगळं मोठ्या आवाजात सांगायचो म्हणून सिस्टरांनी वही दिली, ते वर लिहिलंच आहे.

आता

कडी निघाली. पाय राहिला. डावा पाय दोन सेंटीमीटर आखूड आहे. आमच्याकडे केसाच्या जाडीएवढा फरक पडला तर तुकडा बाद करतात, मी तर वीस मिलिमीटरने गेलो. नौपाड्यातल्या एका चांभाराने डाव्या बुटाला तळ वाढवून दिलाय. लेथवर उभं राहता येत नाही. साळवी काकांनी मालकांशी भांडून मला तपासणीच्या टेबलावर बसवलं. दिवसभर मापं घेतो. पाठीमागे माझी मशीन चालू असते, तिच्यावर आता दुसरा माणूस. त्याचं टूल बोथट झालं की मला आवाजावरून कळतं, मी सांगत नाही. मग थोड्या वेळाने सांगतो.

डॉक्टर मॅडम म्हणाल्यात, हाडातले जंतू दोन-दोन वर्षांनीही उठतात. "बरा" हा शब्द त्या वापरत नाहीत, म्हणून मीही नाही. ज्यांनी ज्यांनी हात लावला त्या सगळ्यांचे उपकार आहेत माझ्यावर, पण भीती काही त्याने जात नाही.

रोज सकाळी पाय खाली टेकवायच्या आधी मी पांढरा रुमाल घेऊन नडगीवरून फिरवतो. वरून खाली, मग उजेडात धरून बघतो. सुनंदा तिकडे डबे भरत असते, पाठमोरी.

"काय?" ती विचारते.

"कोरडं आहे."

"मग उठा. नळाचं पाणी जाईल."